जुनापाणी, चांदा, कचारगड : गोंडवनातील पाच दिवस

पहिला दिवस : नागपूर

माझे शालेय शिक्षण नागपुरात झाले. छिंदवाड्याकडच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये आसपासची बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवले, हे वाक्य आमच्या धड्याच्या पहिल्या ओळीत येई आणि दुसऱ्या ओळीपासून भोसल्यांचा काळ सुरू होई. त्या एका ओळीमागे किती काळ, किती दगड आणि किती माणसे आहेत ते प्रत्यक्ष पाहावे, म्हणून यंदा पौषात पाच दिवस काढले. सोबत मावसभाऊ होता. गाडी त्याची आणि रस्त्यांची माहितीही त्याचीच.

सुरुवात मध्यवर्ती संग्रहालयापासून केली. जुने नागपूरकर त्याला आजही अजब बंगला म्हणतात. मध्य प्रांत हा नवा इलाखा १८६१ मध्ये अस्तित्वात आला आणि १८६३ मध्ये, रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना, हे संग्रहालय सुरू झाले. राज्य हाती येताच त्यातील जमीन, खनिजे, पिके आणि माणसे यांची मोजदाद करण्याची जी घाई इंग्रज अधिकाऱ्यांना झाली होती, तिचीच ही एक खूण आहे. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून डोकावणारा धातू दिसला आणि तेथे खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांतील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपुरात राहिल्या. ज्या हातांनी त्या कुऱ्हाडी ओतल्या आणि ज्या हातांनी त्या एकाच खड्ड्यात जपून ठेवल्या, त्यांचा विचार करत मी त्या पेटीपुढे बराच वेळ उभा होतो.

याच काळात जबलपूरला १८६६-६७ मध्ये एक मोठे प्रदर्शन भरले. तेथे मध्य प्रांतातील डोंगराळ मुलखातून आदिवासी स्त्री-पुरुषांना आणले गेले आणि त्यांना पाहून, तपासून एका समितीने अहवाल लिहिला. तो १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. अहवालाच्या शीर्षकातच त्या माणसांना ‘नमुने’ म्हटले आहे. कापसाचा नमुना, लोखंडाच्या दगडाचा नमुना आणि माणसाचा नमुना अशी ती एकच रांग होती. हा शब्द मला पुढचे चारही दिवस सोडून गेला नाही.

संध्याकाळी शहराच्या महाल या जुन्या भागात जाऊन गोंड राजांचा किल्ला बाहेरून पाहिला. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधवला. तो तलाव आज गांधीसागर या नावाने ओळखला जातो. त्याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उभा राहिला, राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले आणि १७४३ पर्यंत सत्ता रघूजींच्या हाती गेली. गोंड वारस बुऱ्हाण शाहाला राजा हे पद आणि तनखा मिळाला. कारभार मात्र त्याच्याकडे राहिला नाही. म्हणजे गोंडांचे राज्य इंग्रजांनी थेट घेतले नाही, ते आधी मराठ्यांनी घेतले होते. मराठी माणसाने हा इतिहास लिहिताना ही गोष्ट आधी मान्य करायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा दिवस : जुनापाणी, टाकळघाट, बुटीबोरी

सकाळी लवकर काटोल रस्त्याने निघालो. जुनापाणीच्या परिसरात सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. नुसती संख्या ऐकून काही कळत नाही. गाडी सोडून गवतातून चालू लागलो, तेव्हा पहिले वर्तुळ लक्षातच आले नाही, कारण आम्ही त्याच्या मधोमध उभे होतो. मग एकेक धोंडा दिसू लागला. काळे, गोलसर, कमरेपर्यंत येणारे दगड एकमेकांना खेटून मांडलेले, आत मुरूम आणि गोट्यांचा उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे दुसरे वर्तुळ, मग तिसरे.

एका दगडाशी मी गुडघ्यावर बसलो. दगडाच्या आतल्या अंगाला अंगठ्याचे टोक बसेल एवढे खळगे होते, दोन समांतर ओळींत, एकाखाली एक. वाऱ्यापावसाने ते झाले असतील ही शंका हात लावताच गेली, कारण प्रत्येक खळग्याचा तळ गुळगुळीत होता आणि दोन खळग्यांमधले अंतर जवळपास सारखे होते. कोणीतरी येथे बसून, दगडावर दगड घासत, मोजून हे काम केले होते. दव अजून वाळले नव्हते आणि त्या खळग्यांत पाण्याचा एकेक थेंब होता.

तेथे शेळ्या चारायला आलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहत होते. त्यांना विचारले, “काका, हे काय आहे म्हणतात इकडे?” ते म्हणाले, “गवळ्याईचे गोठे होय हे. आमच्या बुढ्यानं सांगतलं, तसंच मी तुमाले सांगून रायलो.” ही समजूत दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नोंदींतही आहे, फार जुन्या काळी या मुलखात गवळी राजे होते आणि ही त्यांची गुरे बांधण्याची ठिकाणे होती, असे लोक तेव्हाही सांगत. गवळी राजांच्या आठवणीला विद्वानांनी दंतकथा म्हणून बाजूला ठेवले, हे मला तितकेसे पटत नाही. घोडे आणि गुरे बाळगणाऱ्या माणसांची अंधूक स्मृती तिच्यात उरली असू शकते.

या वर्तुळांवर सविस्तर लिहिणारा रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा कापूस कमिशनर होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना येथला कापूस कसा पोहोचेल हे पाहणे त्याचे काम. त्या निमित्ताने फिरताना त्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली आणि १८७९ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. खळग्यांच्या खुणा पाहून त्याला स्कॉटलंड-इंग्लंडमधील दगडांवरच्या अशाच खुणा आठवल्या. त्याच्याही आधी दख्खनमधील अशाच थडग्यांना मेडोज टेलरने केल्ट, ड्रुइड किंवा शक लोकांची स्मारके म्हटले होते. या लोकांनी मेहनतीने मापे घेतली, आराखडे काढले, आणि त्यांच्या नोंदींवाचून पुढच्या संशोधकांचे काम अडले असते. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हे दगड कोणी उभे केले असे विचारताच त्यांची नजर थेट युरोपकडे आणि मध्य आशियाकडे वळे, शेजारच्या शेतात नांगर धरणाऱ्या माणसाकडे वळत नसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९६१-६२ मध्ये बा. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि त्यानंतर माहुरझरी येथे काम केले. ही वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोहयुगातील थडगी असल्याचे निश्चित झाले. माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडले, कार्नेलियनचे, म्हणजे तांबूस अकीकाचे, मणी सापडले. पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. म्हणजे हे लोक खाण ओळखत होते, भट्टी पेटवत होते आणि मृताला रिकाम्या हाताने पाठवत नव्हते.

ते आजच्या गोंडांचे पूर्वज होते का? तसे सिद्ध करणारा पुरावा दगडात नाही आणि मी तसा दावा करणार नाही. मात्र भामरागडच्या माडिया गोंडांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची रीत आहे आणि बस्तरच्या बाजूला अशा दगडांना ‘उरसकल’ म्हणतात, एवढे तरी या वर्तुळांपाशी आठवावेच लागते. मृतासाठी दगड उभारणे या मुलखात तुटलेले नाही.

दुपारी वर्धा रस्त्याने टाकळघाटकडे वळलो. बुटीबोरीचा औद्योगिक परिसर आता इतका पसरला आहे की जुने गाव शोधावे लागते. येथे मला एका माणसासाठी यायचे होते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहेच. धर्मप्रचार हे त्याचे काम. पण तो दगड वाची, जीवाश्म गोळा करी आणि गोंडी भाषा टिपून घेई. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपलसोबत त्याने टाकळघाटची वर्तुळे पाहिली. टेंपल पुढे बोरीच्या तळावर गेला, हिस्लॉप गावातली शाळा पाहण्यासाठी मागे राहिला, आणि परतताना अंधारात पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावला. तळावर आधी पोहोचला तो त्याचा रिकामा घोडा.

त्याचे हस्तलिखित कागद टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नागपूरच्या एका परधानाकडून उतरवून घेतलेले, गोंडांचा आद्य धर्मगुरू लिंगो याचे दीर्घ गीत आहे. परधान हे गोंडांचे गायक. वंशावळी आणि देवांच्या कथा त्यांच्या मुखात राहतात. जगात प्रथमच ते गीत कागदावर आले आणि ते आणणारा माणूस छापील पुस्तक पाहू शकला नाही. ज्या राज्यव्यवस्थेने त्याच सुमारास जबलपूरला माणसांचे नमुने मांडले, त्याच व्यवस्थेच्या सावलीत हे गीत जपले गेले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी लपवण्याची गरज मला वाटत नाही.

तिसरा दिवस : चंद्रपूर

जांब, वरोरा, भद्रावती या मार्गाने दुपारच्या आत चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, गाठले आणि जटपुरा दरवाज्यातूनच शहरात शिरलो. दरवाज्याखालून रिक्षा, दुचाकी, बस यांचा लोंढा चालू असतो आणि मान वर करून पाहण्याइतकी सवड वाहतूक देत नाही. गाडी लांब लावून परत आलो. कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला सिंह आहे, त्याने हत्तीला पंजाखाली घेतले आहे. चांद्याच्या गोंड राजांचे हे राजचिन्ह कोटाच्या दरवाज्यांवर आहे. सिंहाची शेपटी पाठीवरून वळून वर गेली आहे आणि डोळे वाटोळे, जवळजवळ प्रेमळ आहेत. कारागिराने क्रौर्य दाखवायचे टाळले आहे असे वाटते.

या घराण्याची सुरुवात सिरपूरला झाली. ते गाव आज तेलंगणात आहे. तेथून राजधानी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला आली आणि खांडक्या बल्लाळ शाहाने ती चांद्याला आणली. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते, झरपट नदीच्या एका डोहाच्या पाण्याने ते बरे झाले, आणि पुढे त्याच भागात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, म्हणून राणीने तेथेच शहर वसवण्यास सांगितले, अशी कथा आहे. डोहाच्या जागी अंचलेश्वराचे देऊळ आहे. ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर कोट आखला गेला, असे म्हणतात. ही परंपरा मेजर लुसी स्मिथ या सेटलमेंट अधिकाऱ्याने १८६९ च्या आपल्या महसुली अहवालात लिहून ठेवली. सारा ठरवण्यासाठी आलेल्या माणसाने राजघराण्याची स्मृती टिपली आणि पुढचे सगळे लेखक तिच्यावरच उभे राहिले. त्यामुळे त्या यादीतील राजांची वर्षे जपूनच घ्यावी लागतात. बाबाजी बल्लाळ शाहाबद्दल मात्र स्वतंत्र साक्ष आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्याजवळ १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याची आणि तो दिल्लीला खंडणी देत नसल्याची नोंद आहे. अकबराच्या दप्तरात ज्याची अशी दखल घेतली गेली, त्याच्या वंशाला तीनशे वर्षांनी ‘रानटी’ म्हणण्यासाठी किती विसरावे लागले असेल!

दुपारभर कोटाच्या कडेने चाललो. चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. पाच खिडक्या : हनुमान, विठोबा, चोर, मसण, बगड. या नावांतच शहराचे जगणे आहे. कोणत्या वाटेने देवाला जायचे, कोणत्या वाटेने प्रेत न्यायचे. घडीव दगडांची भिंत पंधरा-वीस फूट उंच आहे आणि पायाची आखणी तेल ठाकूर याने केली अशी परंपरा आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत बुरुजांवर पिंपळ, बाभळी आणि कचरा माजला होता. शहरातील तरुणांनी अनेक महिने रोज सकाळी श्रमदान करून तो काढला, म्हणून आज बुरुजावर चढता येते. पठाणपुऱ्याच्या बाजूला बुरुजावर बसलो, तेव्हा खाली इरई आणि झरपट यांच्या संगमाकडची हिरवी पट्टी दिसत होती.

उन्हे कलताना गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. बीर शाहाची समाधी सर्वांत मोठी आहे. घुमट, कमानी, भक्कम चौथरा. ती त्याची राणी हिराई हिने बांधली. अठराव्या शतकाच्या आरंभी पतीचा खून झाल्यावर दत्तक राम शाह लहान असताना राज्य तिनेच चालवले आणि महाकालीचे देऊळही तिनेच उभारले. चैत्रात नांदेड-परभणीकडून हजारो यात्रेकरू महाकालीला येतात, ओल्या अंगाने पायरीवर डोके टेकतात. देऊळ गोंड राणीचे आहे हे त्यांच्यातील किती जणांना सांगितले गेले असेल, हा विचार मनात आला. समाधीच्या सावलीत दोन मुली अभ्यासाची वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला विचारले, “हिराईचं पाहाले आले का?” बीर शाहाचे नाव त्यांनी घेतले नाही.

चौथा दिवस : बल्लारपूर आणि चांद्याचा पिंपळ

बल्लारपूरचा किल्ला सकाळी घाईतच पाहिला. नदीच्या बाजूचा दरवाजा अजून मजबूत आहे, आत पडझड फार आहे. १७५१ मध्ये भोसल्यांनी चांदा घेतल्यावर शेवटचा राजा नीलकंठ शाह याला याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेने चांद्याचा कोट फोडला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले.

परतून चंद्रपूरच्या कारागृहापाशी आलो. आवारातल्या पिंपळाला बाहेरूनच नमस्कार केला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी येथे फाशी देण्यात आले. तेव्हा ते पंचविशीचे होते. त्यांनी गोंड, माडिया तरुणांची फौज उभी केली, मार्च १८५८ मध्ये नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या तुकडीशी झुंज दिली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले, आणि त्याचे बक्षीस म्हणून अहेरीला गावे मिळाली. व्यंकटराव बस्तरात निसटले, पण १८६० मध्ये तेही हाती लागले आणि त्यांना जन्मठेप झाली.

लक्ष्मीबाईंना गद्दार म्हणणे सोपे आहे. जमीनदारी टिकवायची तर सरकारला माणूस काढून द्यायचा, नाहीतर आपले रान, आपली गावे आणि आपली माणसे गमवायची, अशा पेचात त्यांना धरले गेले होते. बाबूरावांच्या बंडाची जवळजवळ सगळी कागदपत्रे त्यांना फाशी देणाऱ्यांनी लिहिलेली आहेत, हे वाचकाने विसरू नये. जंगलावरचा हक्क तर यानंतरच गेला. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राने राखीव केली. फिरती शेती, मोहफूल, कोळसा, शिकार, सगळ्यालाच परवान्याची अट आली. विलायती लोखंडाने आणि कोळशावरच्या बंदीने गावोगावच्या भट्ट्या विझल्या. नायकुंडला अडीच हजार वर्षांपूर्वी पेटलेल्या विद्येचा शेवट कागदावरच्या एका सहीने झाला.

मावसभाऊ येथून नागपूरला परतला. मी चांदा फोर्ट स्थानकावर गोंदियाची गाडी धरली. हा मार्ग पूर्वी नॅरोगेज होता. बाजूच्या रुळांवर कोळशाच्या वाघिणींमागून वाघिणी उभ्या होत्या. ज्या खडकांत हा कोळसा आहे त्यांना भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकात ‘गोंडवाना’ हे नाव दिले, आणि पुढे एका प्राचीन महाखंडालाही तेच मिळाले. अंटार्क्टिकापर्यंतच्या दगडांना ज्यांचे नाव लागले, त्यांच्या मुलांना शाळेत गोंडी बोलल्याबद्दल ओशाळे व्हावे लागते, ही गोष्ट मला फार लागते.

पाचवा दिवस : कचारगड

गोंदियाहून सालेकसा, दरेकसा आणि तेथून धनेगाव. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अजून अवधी होता, त्यामुळे वाट मोकळी होती. यात्रेत मात्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज येथे लोटतो. गावातील एक वयस्क काका वाट दाखवायला आले. त्यांनी “जय सेवा” म्हणून हात जोडले आणि मी तसाच जबाब दिला.

चढ दमछाक करणारा आहे. गुहेपाशी सप्तरंगी झेंडे होते, आत गारवा आणि वटवाघळांचा वास. काकांनी चप्पल बाहेर काढली, मीही काढली. कोया, म्हणजे गोंड, वंशाची मुले येथे कोंडली गेली होती, जंगो रायताड या देवीने त्यांची माया केली आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवून धर्म दिला, असे त्यांनी हळू आवाजात सांगितले. हिस्लॉपच्या गीतात कथेचा ओघ वेगळा आहे. तेथे महादेव गोंडांना गुहेत कोंडून दारावर सोळा हात लांबीची शिळा ठेवतो. आणि पुष्कळ दिवस गोंडांचा गलबला ऐकू आला नाही, डोंगराला त्यांचा वास येत नाही, म्हणून पार्वती कासावीस होते. माणसांचा आवाज आणि वास नाही म्हणून व्याकूळ होणारी देवी मला दुसऱ्या कोणत्या कथेत भेटलेली नाही. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी परधानांच्या मुखातील परंपरा पुन्हा गोळा करून हे पाठभेद समाजापुढे ठेवले. ते २०१५ मध्ये निवर्तले.

मी काकांना हिस्लॉपच्या पुस्तकातले सांगितले. ते नीट ऐकत राहिले. मग म्हणाले, “पुस्तकात का लिवलं आहे ते मले मायीत नाही. आजानं सांगतलं ते मी सांगतो.” शिळेच्या लांबीचा उल्लेख आल्यावर मात्र ते थांबले. गुहेच्या तोंडापाशी एक आडवा पडलेला मोठा पाषाण होता. त्याच्याजवळ ते वाकले, कोपरापासून बोटांपर्यंतचा हात दगडावर आडवा ठेवला आणि गोंडीत मोजू लागले : उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग. सहा हातांवर दगड मातीत शिरला होता. त्यांनी तेथली वाळलेली पाने तळव्याने बाजूला केली आणि पुढचा हात मातीवरच ठेवला.